एकट्या पडलेल्या जर्बिलला पिल्लाची सोबत: पहिली भेट बिघडली, पुढे काय करू?

टेम्सकाठ | शनिवार, रात्री १०.४०

नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. आमच्याकडे दोन जर्बिल होते (उंदरासारखे, केसाळ शेपटीचे छोटे पाळीव प्राणी), एकाच वेतातले सख्खे भाऊ. जायफळ आणि वेलची. जायफळ रंगाने खरोखर जायफळासारखाच आहे, तपकिरी आणि वरून काळसर झाक. इकडे त्या रंगाला नावही तेच आहे, म्हणून मुलीने तेच ठेवलं. दोघं आता सव्वादोन वर्षांचे झाले असते, पण वेलची तीन आठवड्यांपूर्वी गेला. पोटावर वासाची ग्रंथी असते तिथे गाठ झाली होती. त्याने ती चाटून चाटून फोडली. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, पण त्यातून तो उठला नाही.

तेव्हापासून जायफळ पार बदललाय. पूर्वी पुठ्ठ्याची नळी टाकली की दहा मिनिटांत भुगा व्हायचा. आता तीच नळी दोन-दोन दिवस तशीच पडून असते. घरटं बांधतो ते अर्धवट. टिश्यूचे तुकडे एका बाजूला रचतो आणि वेलची ज्या बाजूला झोपायचा ती उघडी सोडतो. हे मी मनाचं सांगत नाही, रोज सकाळी बघते. वजन ८४ ग्रॅमवरून ७७ वर आलंय.

म्हणून आज एक पिल्लू आणलं. सात आठवड्यांचं, नर, काळंभोर, हनुवटीखाली तिळाएवढा पांढरा ठिपका, वजन ४१ ग्रॅम. ज्यांच्याकडून आणलं ते म्हणाले, पिल्लू लहान आहे, मोठा नर त्याला लगेच पदरात घेतो. कोरड्या बाथटबमध्ये दोघांना सोडा, तिथे कोणाचाच वास नसतो, अर्ध्या तासात काम होईल.

आम्ही तसंच केलं. पहिली पाच मिनिटं छान गेली. जायफळने त्याला नाकापासून शेपटीपर्यंत हुंगलं, पिल्लू गप्प बसून राहिलं. मग एकदम काय झालं कळलं नाही. जायफळ आडवा वळला, अंग फुगवलं, शेपटीचे केस बाटली धुवायच्या ब्रशसारखे उभे राहिले आणि तो पिल्लावर गेला. पिल्लू चिरकलं. ओव्हनचा जाड हातमोजा घालून मी त्यांना वेगळं केलं. पिल्लाच्या शेपटीच्या मुळाशी छोटी जखम आहे, रक्त थांबलंय. आता दोघं दोन वेगळ्या खोल्यांत आहेत. मुलगी नऊ वर्षांची आहे. ती रडून झोपली. पिल्लाला अजून नावही ठेवलेलं नाही. ती म्हणते, त्याला जायफळने घरात घेतलं तरच बारसं.

आईला साताऱ्याला फोन केला. ती म्हणाली, प्राण्याला प्राणी बरोबर कळतं, थोडा वेळ दे. पण म्हणजे किती वेळ आणि कसा? इंग्रजीत वाचावं तर प्रत्येक ठिकाणी वेगळं. कोणी म्हणतं आता हे जमणारच नाही, कोणी म्हणतं उद्या पुन्हा सोडा. ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा.

ठाण्याचा_मीच | शनिवार, रात्री ११.१५

ताई, आमच्याकडे हॅमस्टर होता. त्याला जोडीदार आणला तर त्याने तो फाडला. मला वाटतं ही जात एकटीच सुखी असते. पिल्लू परत करा आणि मोठ्याला एकटा राहू द्या.

नेकारकाठची | रविवार, पहाटे ५.५०

टेम्सकाठ, मी जर्मनीत श्टुटगार्टला असते. गेली अकरा वर्षं माझ्याकडे जर्बिल आहेत, आजवर चौदा झाले. उठल्या उठल्या तुमचं वाचलं आणि चहा बाजूला ठेवून लिहायला बसलेय, कारण पुढचे दोन दिवस महत्त्वाचे आहेत.

आधी जखम. पाव लिटर पाणी उकळा, त्यात अर्धा चमचा मीठ घाला, कोमट होऊ द्या आणि कापसाच्या बोळ्याने हलक्या हाताने पुसा. मलम लावू नका, ते चाटून पोटात जातं. सूज आली, पू दिसला किंवा पिल्लू खायचं थांबलं तर त्याच दिवशी लहान प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. पुसताना त्याला शेपटीने धरू नका. जर्बिलच्या शेपटीची कातडी ओढली की मोज्यासारखी निघून येते आणि पुन्हा वाढत नाही.

ठाण्याचे मीच, तुमचं हॅमस्टरच्या बाबतीत अगदी बरोबर आहे. मोठा हॅमस्टर बहुधा एकांडाच असतो. जर्बिल तसा नाही. तो मंगोलिया आणि उत्तर चीनच्या माळरानातला प्राणी, कुटुंब करून बिळात राहणारा. थंडीत एकमेकांना चिकटून झोपतात, धान्य एकत्र साठवतात आणि पिल्लं सांभाळायला बापही असतो. आज घरोघरी पाळले जाणारे बहुतेक जर्बिल १९३५ साली तिकडे पकडलेल्या वीस जोड्यांचे वंशज आहेत. इतकी वर्षं माणसाच्या घरात काढली तरी कुटुंबाची ओढ त्यांच्यातून गेलेली नाही. तुमचा जायफळ अर्धं घरटं उघडं ठेवतो ना, ते तुम्ही नीट पाहिलंय. मीही तसं पाहिलंय.

पण ही ओढ आपल्या कुटुंबापुरती. बाहेरचा आला की तो शत्रू. आणि आपलं कोण, परकं कोण, हे त्यांना मुख्यतः वासावरून कळतं. एका कुटुंबातले सगळे एकाच घरट्यात झोपून, एकमेकांना चाटून, एकच माती अंगाला लावून एका वासाचे होतात. तुमच्या पिल्लाला काल त्याच्या आईचा आणि भावंडांचा वास होता. जायफळच्या नाकाला ते लहान पोर वाटलंच नाही, परक्या टोळीतला कोणीतरी वाटला. बाथटबमध्ये कोणाचाच वास नाही हे खरं. पण त्या दोघांच्या अंगाला वास होताच की.

आता माझं सांगते. हे मी सहसा लिहीत नाही. २०१४ मध्ये माझ्याकडे पहिली जोडी होती, दोन माद्या. त्यातली एक गेली. दुसरी चौदा महिन्यांची होती. तिच्यासाठी मी एक मादी आणली, 'लहान आहे' म्हणून दिलेली. ती लहान नव्हती, चांगली चार महिन्यांची होती, आणि ते वय ओळखायची नजर तेव्हा मला नव्हती. दोघींना एका मोठ्या खोक्यात सोडलं. थोडं हुंगणं, थोडी धावपळ, मग दोघी एकमेकींशेजारी बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होत्या. मला वाटलं, झालं. रात्री त्या एकत्र झोपल्या. सकाळी मी ऑफिसला गेले. साडेपाचला परत आले तर खोक्यातलं घरटं चारी बाजूंना उपसलेलं होतं आणि नवी कोपऱ्यात पडलेली. गार झाली होती. पाठीला शेपटीजवळ आणि मानेवर चावे. जुनी दुसऱ्या कोपऱ्यात अंग चाटत बसली होती, तिचाही ओठ फाटलेला. मी कोट न काढता कितीतरी वेळ जमिनीवर बसून होते. त्यात तिची चूक नव्हती. मी घाई केली.

त्यानंतर मी एकदाही जाळीशिवाय भेट घडवली नाही, आणि त्यानंतर एकही जीव गेला नाही.

जाळीची पद्धत अशी. काचेची टाकी घ्या, ६० बाय ३० सेंटिमीटर असली तरी चालेल. मधोमध जाळी, टाकीच्या तळापासून थेट झाकणापर्यंत. खाली फट राहिली तर खणून जातील, वर राहिली तर उडी मारून. जाळीची भोकं सहा-सात मिलिमीटरहून मोठी नकोत. नाक पलीकडे जाता कामा नये, नाहीतर नाकच चावलं जाईल. प्लॅस्टिकची जाळी एका रात्रीत कुरतडतात, तारेचीच हवी. चौकट लाकडी असेल तर तिच्या कडा तारेत गुंडाळा. भुसा चार-पाच सेंटिमीटरच घाला, एरवीसारखा हातभर नको, म्हणजे बोगदा काढता येणार नाही. दोन्ही बाजूंना पाण्याची बाटली, खाणं आणि मूठभर टिश्यू. चाक नको, घर नको, नळ्या नकोत.

आता खरं काम. दिवसातून तीन-चार वेळा दोघांच्या जागा बदलायच्या. जायफळ पिल्लाच्या बाजूला, पिल्लू जायफळच्या. हातात पकडून नाही, कॉफीचा मग आडवा धरा, आपणहून आत शिरतात. काही पिल्लांना पकडल्यावर झटके येतात, म्हणून हात कमी लावलेला बरा. या काळात भुसा बदलायचा नाही, काही धुवायचं नाही. घाण वाटली तरी नाही. तो दुसऱ्याच्या घरट्यात झोपतो, दुसऱ्याच्या मुताच्या कोपऱ्यात लोळतो, आणि हळूहळू दोघांचा वास एक होतो. सगळा खेळ तेवढाच आहे.

पहिले दोन दिवस जायफळ जागा बदलल्या बदलल्या पिल्लाचं घरटं उपसेल, जाळीवर पाय आपटेल. घाबरू नका. तो त्याच घरट्यात न उपसता झोपला, दोघांनी जाळीला चिकटून घरटी केली, पलीकडच्याला बघून अंग फुगवणं थांबलं, की समजा पिकत आलंय. साधारण आठवडा लागतो. तुमच्याकडे एकदा रक्त निघालंय, तेव्हा दहा-अकरा दिवसांच्या आत जाळी काढूच नका. जाळी काढायचा दिवस असा निवडा की पुढचे दोन दिवस घरात कोणीतरी जागं असेल.

एक मात्र आजच करा. पिल्लू खरंच नर आहे ना, हे तपासा. सात आठवड्यांच्या नराला शेपटीच्या मुळाशी फुगीर, गडद भाग दिसतो आणि दोन छिद्रांमध्ये बऱ्यापैकी अंतर असतं. मादीत ती छिद्रं जवळजवळ असतात. इथे चूक झाली तर जाळी काढल्यावर पंचवीसेक दिवसांनी घरात पाच-सहा पिल्लं असतील.

आणि तुमचं अजिबात संपलेलं नाही. सात आठवड्यांचं पोर आणि थोराड नर यांच्यापेक्षा सोपी जोडी नसते. दहा आठवड्यांच्या पुढे गेलं की जड जातं. दोन मोठ्या अनोळखी माद्या सगळ्यांत अवघड.

टेम्सकाठ | रविवार, दुपारी १.०५

तुमचं वाचून मी आणि नवरा दोघं बराच वेळ गप्प होतो. तुम्ही ते लिहिलंत म्हणून आम्ही आज पुन्हा सोडून बघणार होतो ते थांबलो. खरंच तेच ठरलं होतं.

नर आहे. दोनदा बघितलं, मग फोटो काढून मोठा करून बघितला. जखम कोरडी आहे. जाळीसाठी नवरा हार्डवेअरच्या दुकानात गेलाय, सहा मिलिमीटरची तारेची मिळाली म्हणून आत्ताच फोन आला. वयामुळे पोराचं काम सोपं असतं, असं तुम्ही म्हणता. मग काल असं का झालं? की जायफळ मुळात रागीट आहे?

सॅन_होजेहून | रविवार, संध्याकाळी ६.३०

आम्ही न्यूजर्सीत होतो तेव्हा आमच्याकडे तीन जर्बिल होते. इकडे कॅलिफोर्नियात यायचं ठरलं तेव्हा कळलं की या राज्यात जर्बिल पाळायलाच बंदी आहे. इथलं कोरडं हवामान त्यांना मानवतं, सुटले तर रानात वस्ती करतील आणि शेतीला त्रास होईल, म्हणून. तिघांना तिकडेच एका मैत्रिणीकडे द्यावं लागलं. मुलगा विमानात बसेपर्यंत बोलला नाही. तुमचा धागा वाचून सगळं आठवलं.

माझा अनुभव असा की पिल्लं दोन आणावीत, भाऊ-भाऊ. आमचा म्हातारा एकटा पडल्यावर आम्ही दोन आणली होती. म्हातारा पुढे गेला तेव्हा ते दोघं एकमेकांना होते. एकच आणलं तर दोन वर्षांनी तुम्ही पुन्हा इथेच येऊन हाच प्रश्न विचाराल.

नेकारकाठची | रविवार, रात्री ९.२०

सॅन होजेहून, तुमचा मुद्दा मला पटतो आणि मीही एकदा तसं केलंय. पण तीन नरांचं गणित दोघांपेक्षा नाजूक असतं. दोन पिल्लं चार-पाच महिन्यांची झाली की कधी आपसांत, कधी म्हाताऱ्याशी बिनसतं, आणि बिनसलं की एकाला कायमचं वेगळं ठेवावं लागतं. तुमचे टिकले याचा आनंद आहे. ज्यांच्या घरी आधीच एकदा रक्त निघालंय त्यांना मी तिसरा आणा म्हणणार नाही. जायफळ सव्वादोन वर्षांचा आहे. जर्बिल तीन-चार वर्षं जगतात. टेम्सकाठ, पिल्लू एकटं पडेल तो दिवस येणारच आहे, आणि तेव्हा काय करायचं हे घरात आत्ताच बोलून ठेवा. मुलीशीसुद्धा. तेव्हा पुन्हा एक लहान पोर आणायचं, की इथून पुढे थांबायचं आणि त्याला दुसऱ्या कोणाच्या एकट्या जर्बिलशी जाळीतून जोडायचं, हे दोन्ही मार्ग चांगले आहेत.

जायफळ रागीट नाही. तो तीन आठवडे एकटा होता, भाऊ गेल्याच्या धक्क्यात होता, आणि त्याच्यासमोर परक्या वासाचं कोणीतरी एकदम आलं. पाच मिनिटं त्याने नुसतं हुंगलं हे मला चांगलं लक्षण वाटतं. ज्याला फाडायचंच असतं तो पाच मिनिटं थांबत नाही.

टेम्सकाठ | शुक्रवार, रात्री ९.५०

आज सहावा दिवस. दोन प्रश्न आहेत.

पहिले तीन दिवस तुम्ही म्हणालात तसंच. जागा बदलली की जायफळ पिल्लाचं टिश्यूचं घरटं ओरबाडून काढायचा आणि मागचे पाय धाडधाड आपटायचा, खालच्या खोलीत ऐकू यायचं. काल दुपारपासून आपटणं बंद. आज सकाळी बघते तर पिल्लू जाळीला पाठ लावून झोपलेलं आणि जायफळ पलीकडे बरोबर त्याच ठिकाणी. मुलगी शाळेचा गणवेश अर्धा घालून तिथेच बसून राहिली.

पण मध्येच जायफळ जाळी चावतो. पिल्लू समोर नसतानाही. आणि मगमध्ये जायचा कंटाळा करतो, पिल्लू मात्र मग ठेवायच्या आधीच येऊन उभं. जाळी चावणं म्हणजे राग का? आणि जागा रोज तीनच वेळा बदलल्या जातात, मी दोन दिवस ऑफिसला असते. चालेल का?

नेकारकाठची | शुक्रवार, रात्री १०.३०

चालेल. दोनदा झालं तरी रोज व्हायला हवं, मध्ये एकही दिवस सुटू देऊ नका.

पिल्लू समोर नसताना चावतो म्हणजे त्याला पलीकडे जायचंय, जागा अपुरी वाटतेय. राग असेल तर पिल्लू जिथे असेल तिथे जाऊन, अंग फुगवून चावेल. रागाचं चावणं आणि कंटाळ्याचं चावणं आवाजावरूनही ओळखता येतं. कंटाळ्याचं एका लयीत, आपण सुपारी कातरतो तसं चालतं. त्याला पुठ्ठ्याचा तुकडा द्या. कुरतडला तर तोच अर्धा कुरतडलेला तुकडा जागा बदलताना पिल्लाच्या बाजूला राहू द्या.

भेटीच्या दिवसाचं आत्ताच सांगून ठेवते. सकाळी करा. जाळी काढून त्याच टाकीत सोडू नका, लहान खोकं किंवा टब घ्या, ४० बाय ३० पुरे. दोन्ही बाजूंचा भुसा आणि टिश्यू त्यात कालवून टाका, वर बिया पसरा. हातमोजा घालून बसा आणि एक जाड पुठ्ठा हाताशी ठेवा. हुंगणं, अंगावर चढणं, थोडं पळवणं, दोन पायांवर उभं राहून बुक्क्या मारणं, पिल्लाचं चिरकणं, हे सगळं चालतं. पिल्लू डोकं खाली करून जायफळच्या तोंडाखाली घुसवेल. 'मला चाट' असं ते सांगत असतं. जायफळने चाटलं की निम्मं काम झालं. पण तो आडवा वळून, पाठ कमानीसारखी करून फुगला तर लगेच मध्ये पुठ्ठा घाला. आणि दोघं एकमेकांना धरून चेंडूसारखे गरगर लोळले, तर क्षणभरही न थांबता वेगळे करा, उघडा हात घालू नका, आणि जाळी पुन्हा पहिल्यापासून.

त्या खोक्यात दोन दिवस तरी ठेवा. जागा कमी, घरटं एकच. मोठी जागा दिली की दोघं दोन कोपरे वाटून घेतात आणि मग भांडतात.

टेम्सकाठ | पुढचा शुक्रवार, रात्री ८.१५

झालं! बुधवारी केलं, अकराव्या दिवशी. मुलीला या आठवड्यात शाळेची सुट्टी होती, मीही रजा टाकली. कालच लिहिणार होते, पण तुम्ही दोन दिवस म्हणाला होतात म्हणून थांबले.

सकाळी साडेनऊला. कपडे ठेवायचा प्लॅस्टिकचा टब घेतला होता. मी एका बाजूला हातमोजा घालून, नवरा दुसऱ्या बाजूला पुठ्ठा घेऊन, मुलगी खुर्चीवर गुडघे जवळ घेऊन. आधी पिल्लू सोडलं, मग जायफळ. जायफळ सरळ त्याच्याकडे गेला आणि त्याच्या कानामागे नाक खुपसलं. माझा हात थरथरत होता. पिल्लाने चिर्र असा आवाज केला, डोकं अगदी जमिनीला टेकवलं आणि जायफळच्या हनुवटीखाली सरकलं. जायफळ थांबला. मिशा तेवढ्या हलत होत्या. मग त्याने एक पुढचा पाय पिल्लाच्या डोक्यावर ठेवला, आपण पोराचं डोकं धुताना धरतो तसा, आणि कान चाटायला लागला. एक कान, मग दुसरा, मग डोळ्याच्या कडा. पिल्लाने डोळे मिटून घेतले होते. चार मिनिटं चाललं, मी घड्याळ बघितलं.

नंतर दिवसभर थोडी पळापळ, दोन वेळा बुक्क्या, दुपारी एकदा जायफळ फुगतोय की काय असं वाटलं म्हणून नवऱ्याने पुठ्ठा घातला, पण त्याला नुसती बी हवी होती. संध्याकाळी दोघांनी टिश्यू ओढायला सुरुवात केली. पिल्लू तुकडे आणायचं आणि जायफळ ते रचायचा. आम्ही आळीपाळीने रात्रभर जागलो. तीन वाजता टॉर्चवर रुमाल टाकून बघितलं तर एकच गोळा होता, तपकिरी वर आणि काळा खाली. आज तिसरी रात्र, कुठेही चावा नाही, दोघांना मगमध्ये घेऊन पोटापर्यंत बघितलं.

काल बारावा दिवस, म्हणून बारसं काल केलं. मुलीने टबाशेजारी रांगोळी काढली, साताऱ्याची आजी फोनवर होती आणि तिने पाळण्याची एक ओळ म्हटली. नाव मिरू. काळी मिरी म्हणून. जायफळजवळ शोभतं.

आज वजन केलं. जायफळ ८०, मिरू ४९. आणि घरटं चारी बाजूंनी बंद आहे.

मोठ्या टाकीत कधी हलवू? आणि जायफळचं चाक? तो त्यावर रोज पळायचा.

नेकारकाठची | शुक्रवार, रात्री ९.४०

घरटं चारी बाजूंनी बंद आहे हे वाचून डोळे भरले. साताऱ्याच्या आजींना माझा नमस्कार सांगा.

रविवारपर्यंत टबातच. मग मोठी टाकी, पण पुठ्ठा लावून निम्मी अडवा आणि टबातला सगळा जुना भुसा घरट्यासकट तसाच उचलून न्या. दर तीन-चार दिवसांनी पुठ्ठा थोडा मागे. पुढे साफ करतानाही सगळं एकदम धुवू नका, जुन्या घरट्यातलं मूठभर परत ठेवा, नाहीतर त्यांचा वास पुसला जातो. चाक अजून दोन आठवडे नको, आणि द्याल तेव्हा २८-३० सेंटिमीटरचं, आडव्या काड्या नसलेलं. चाकावरून भांडणं लागतात. मिरू तीन-साडेतीन महिन्यांचा होईल तेव्हा पुन्हा जरा लक्ष ठेवा, तेव्हा तो वयात येतो आणि जायफळला ढकलून बघतो.

मिरूला बारशाचं म्हणून माझ्याकडून सूर्यफुलाची एक बी द्या. जायफळलाही.